जोडीचा नाच, एकटीनं

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'लोकनृत्य आणि हुकूमशाहीची आठवण – चिली, पोर्तुगाल, गोवा'. तीन मुलुख आणि एक तास. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे, ते बरं झालं. पण सुरुवात टाळ्यांनी करू. इथे गाणारी, वाजवणारी मंडळी बरीच दिसताहेत, त्यामुळे अवघड जाणार नाही.

दादरा सगळ्यांना येतो. धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा. उजव्या बाजूच्यांनी नेहमीसारखं तीन-तीनमध्ये तोडायचं, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी आणि चौथ्या मात्रेला टाळी. डाव्या बाजूच्यांनी त्याच सहा मात्रा दोन-दोनमध्ये तोडायच्या : पहिली, तिसरी, पाचवी. लय तीच ठेवा, घाई नको. हां... मागच्या रांगेतल्या आजोबांनी बरोबर पकडलंय, त्यांच्याकडे बघा. पहिली टाळी सगळ्यांची एकत्र पडते, मग दोन्ही बाजू एकमेकींना चुकवत जातात आणि पुन्हा पहिलीवर भेटतात. मध्ये पाय घसरल्यासारखं होतं ना? ते घसरणं म्हणजेच क्वेका.

क्वेका हा चिलीचा नाच. मुळात तो पेरूच्या लिमा शहरातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे गेला. बोलिव्हियात आणि अर्जेंटिनातही त्याची भावंडं आहेत. एक पुरुष, एक बाई, दोघांच्या हातात रुमाल. पुरुष हात पुढे करतो, ती तो धरते, दोघं थोडं फिरून येतात. मग समोरासमोर उभं राहायचं. बाकीचे टाळ्या धरतात, तुम्ही आत्ता धरल्यात तशाच. गाणं सुरू झालं की एक पूर्ण फेरी, आणि मग अर्धचंद्र. तो त्याच्या बाजूला अर्धं वर्तुळ काढतो, ती तिच्या बाजूला. नजर एकमेकांवरून हलता कामा नये. मध्ये जागा बदलायची. मग पायानं जमीन झाडल्यासारखी एक हालचाल येते, तिचं नावच झाडणीवरून पडलंय. शेवटी टाचांचा ठेका, आणि गाणं संपतं तेव्हा दोघं हातात हात घालून बाहेर पडतात. कोंबडा कोंबडीभोवती पिंगा घालतो ना, तसं आहे हे, असं तिकडची माणसंच सांगतात. अंगाला अंग लागत नाही. सगळं काम रुमाल आणि नजर करतात.

गाण्याचा साचाही पक्का आहे. सुरुवातीच्या चार ओळी आठ-आठ अक्षरांच्या, म्हणजे आपली अष्टाक्षरीच की. त्यानंतर सात आणि पाच अक्षरांच्या ओळी आलटून पालटून, आणि शेवटी दोन ओळींत गाठ मारायची. चौदा ओळींत मामला संपला. शब्द मात्र कुणीही घालावेत. रंगात आलेला नाच कुणीतरी मध्येच 'आरो, आरो, आरो' असं ओरडून थांबवतो, एखादा चटपटीत दोहा म्हणतो, नाचणाऱ्यांना पेला देतो आणि पुन्हा सुरू. आपल्याकडे उखाण्यासाठी पंगत थांबते तसंच.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण हा साचा आता तुमच्या डोक्यात बसलाय. तो तसाच असू द्या. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

१९९३ साली मी पुण्यात कथक शिकत होते. आमच्या वर्गात चिलीहून आलेली एक मुलगी होती. तिची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव सांगत नाही. ततकार तिनं आमच्याआधी उचलला. पायात मुळातच काहीतरी होतं. अठरा सप्टेंबरला ती सकाळपासून गप्प होती. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते, हॉस्टेलमध्ये आमची मखराची कापाकापी चालली होती, आणि कुणीतरी तिला विचारलं, घरची आठवण येतेय का? तेव्हा कळलं, तो तिच्या देशाचा मोठा सण. मांडव पडतात, भाजलेलं मांस, चिचा नावाची दारू, आणि दिवसभर क्वेका. आम्ही हट्टच धरला, करून दाखव. ती म्हणाली, मला दोन येतात. एक शाळेतली, एक आत्याची. कुठली दाखवू?

अर्थात दोन्ही. पहिलीसाठी तिनं आमच्यातल्या एका नाशिकच्या मुलीला जोडीदार केलं, तिला पावलं शिकवली, आम्हाला टाळ्या शिकवल्या, आणि दोघी नाचल्या. रुमाल म्हणून माझी ओढणी फाडायला निघाल्या होत्या, ती मी वाचवली. शाळेत असताना तिला या नाचाचं पदक मिळालं होतं. चेहऱ्यावर हसू, मान ताठ, सगळं घोटलेलं.

मग तिनं त्या मुलीला खाली बसवलं. लोखंडी कपाटासमोर उभी राहिली. हसू पुसलं होतं. आणि तीच क्वेका सुरू केली. तीच पावलं, तोच अर्धचंद्र, रुमाल तसाच उजव्या हातात. समोर कुणी नव्हतं. एक हात पुढे गेला, तो धरायला कुणी आलं नाही. ती फिरून आली, समोर बघितलं. नजर अशी, की समोर साडेपाच फुटांवर कुणाचे तरी डोळे आहेत. जागा बदलायची वेळ आली तेव्हा ती समोरच्या बाजूला सरकली, आणि कपाटापाशी बसलेली आमची एक मैत्रीण चटकन मागे झाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्या नसलेल्या माणसाला वाट देत होती.

मी तीस वर्षं लोकनृत्यांवर काम करतेय, आणि त्यातलं जे काही मला कळलंय ते त्या मागे सरकण्यात कळलं. आमची ती मैत्रीण दहा मिनिटांपूर्वी हा नाच शिकली होती. म्हणून तिला दिसलं, की इथे कुणीतरी असायला हवं. रिकामी जागा अशी आपोआप दिसत नसते. ती कुणाची, हे आधी पाठ असावं लागतं.

आत्याच्या नवऱ्याला १९७४ साली रात्री घरातून उचलून नेलं होतं. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही.

आता इतिहास. इथल्या बऱ्याच जणांना तो ठाऊक आहे, म्हणून पटकन सांगते. अकरा सप्टेंबर १९७३, मंगळवार. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे राजवाड्यात असताना हवाई दलाच्या विमानांनी त्यावर बाँब टाकले. जनरल पिनोचेत सत्तेवर आला आणि मार्च १९९० पर्यंत राहिला. तारखेकडे लक्ष द्या. अकरा सप्टेंबर. बरोबर आठवड्यानं, अठराला, त्यांचा राष्ट्रीय सण. म्हणजे दरवर्षी या लोकांना आधी मरण आठवायचं आणि सात दिवसांनी नाचायचं. आजही.

गायक व्हिक्टर हारा याला विद्यापीठातून पकडून सँटियागोतल्या एका बंदिस्त क्रीडागृहात नेलं आणि काही दिवसांत मारलं. अंगात चाळीसहून जास्त गोळ्या सापडल्या. त्याच्या पत्नी, जोन हारा, स्वतः नर्तकी. त्या आयुष्यभर न्यायासाठी लढल्या. सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची शिक्षा कायम केली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, आणि त्यानंतर तीनच महिन्यांत जोनबाई गेल्या. त्या क्रीडागृहाला आता हाराचं नाव आहे.

वाद्यांचीही गोष्ट आहे. केना म्हणजे अँडीजच्या डोंगरातली बासरी, आणि चारांगो म्हणजे दहा तारांचं चिमुकलं तंतुवाद्य, पूर्वी खवल्या असलेल्या एका प्राण्याच्या पाठीच्या कवचापासून करायचे. ही दोन्ही वाद्यं आयेंदेंच्या बाजूच्या गायकांनी लोकप्रिय केली होती. मग लोककलाकारांना बोलावून समज दिली गेली, की हे आवाज आता नकोत. तसा छापील कायदा झाला नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं. कायदा असला तर वाचून त्यातून पळवाट शोधता येते. इथे प्रत्येकानं आपापल्या भीतीनं ठरवायचं, की बासरी पेटीत ठेवावी का. त्यावर काही तरुण संगीतकारांनी काय केलं? १९७४ मध्ये 'बारोको आंदिनो' नावाचा वाद्यवृंद काढला आणि केना-चारांगोवर युरोपच्या अभिजात संगीतातला बाख वाजवायला सुरुवात केली, तेही चर्चमध्ये. चर्चमधला बाख कोण बंद करणार? बासरीनं आपला आवाज जिवंत ठेवला, नुसता गाव बदलून. मला हे फार आवडतं. नव्वद सालापर्यंत त्या देशातल्या पोरांच्या कानाला तो आवाज परका झाला नाही, याचं बरंच श्रेय मी त्या चर्चमधल्या बाखला देते.

आता क्वेकाकडे परत. ज्यांची माणसं उचलून नेली, त्या बायका एकमेकींना कुठे भेटल्या? तुरुंगाच्या दारात, शवागाराच्या दारात, कोर्टाच्या पायऱ्यांवर. रोज त्याच बायका, तेच प्रश्न. कार्डिनल सिल्व्हा एन्रिकेस यांनी १९७६ च्या सुरुवातीला चर्चच्या आधारानं मानवी हक्कांचं एक कार्यालय उघडलं, तिथे त्यांना बसायला जागा मिळाली. काहीजणी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करायला लागल्या. काहींनी गाण्याचा गट काढला. त्या गटातल्या गाला तोरेस यांनी, त्यांचा भाऊ बेपत्ता होता, क्वेकाच्या साच्यात शब्द बसवले. एकेकाळी मी सुखात होते, माझे दिवस शांत होते. आता विचारत असते, तुला कुठे ठेवलंय, आणि कुणी उत्तर देत नाही. एवढाच आशय. आरोप नाही, कुणाचं नाव नाही. आठ मार्च १९७८, महिला दिन, सँटियागोचं काउपोलिकान नाट्यगृह. पांढरा पोलका, काळा परकर, छातीवर बेपत्ता माणसाचा फोटो पिनेनं लावलेला, हातात पांढरा रुमाल. एक बाई पुढे आली आणि जोडीचा नाच एकटीनं नाचली. 'क्वेका सोला' म्हणतात त्याला. सोला म्हणजे एकटी.

तिथल्या प्रेक्षकांत एकही माणूस असा नसणार ज्याला क्वेका माहीत नव्हती. लग्नात, सणाला, बारशाला पाहिलेली. म्हणून कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एखादं नवं निषेधगीत असतं तर आधी ते ऐकून घ्यावं लागलं असतं, मग पटवून घ्यावं लागलं असतं. इथे डोळे आपोआप जोडीदाराला शोधतात, आणि तो सापडत नाही. बघणाऱ्याच्या अंगातच शोध सुरू होतो. त्या बायका जे कोर्टाच्या दारात करत होत्या तेच, तीन मिनिटं का होईना, सगळं नाट्यगृह करायला लागतं.

आणि आता पुढची तारीख ऐका. सप्टेंबर १९७९. पिनोचेतच्या सरकारनं हुकूम काढला : क्वेका हा चिलीचा राष्ट्रीय नाच. शाळाशाळांतून तो शिकवा, विद्यार्थ्यांच्या देशव्यापी स्पर्धा घ्या. सरकारला हवी होती ती जमीनदारी थाटाची क्वेका : रुंद हॅट, रंगीत घोंगडी, बुटाला चकचकीत आऱ्या, स्वच्छ झालेला शेतकरी आणि लाजरी मुलगी. बाजारातली, खाटीकखान्याजवळची, रात्री दोन वाजता घसा ताणून गायची ती शहरी क्वेका त्यांना नको होती, आणि संचारबंदीच्या रात्रींनी ती जवळपास गिळलीच. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पोरापोराला त्यांनी साचा शिकवला. डोंगरातल्या शाळेतल्या मुलीलाही आता कळायला लागलं, की अर्धचंद्राच्या वेळी समोर कुणी असतं. माझ्या मैत्रिणीचं पदक त्याच स्पर्धेचं. म्हणजे आत्याची क्वेका वाचायची भाषा त्या मुलीला सरकारनंच शिकवली होती.

इथे मला थोडं आपल्याकडचं बोलायचं आहे. अनेक वर्षं ते आत अडकून आहे.

मी दोडामार्गच्या बाजूच्या एका गावातल्या बायकांचा फुगडीचा गट एका लोकनृत्य स्पर्धेला घेऊन गेले होते. स्पर्धा कुणाची, कुठली, ते सोडा. बारा बायका, सगळ्यात मोठी सत्तरीच्या पुढची, तिला गावात सगळे आवय म्हणत. नियमांचा कागद आला. वेळ सात मिनिटं. साड्या एका रंगाच्या. वेशभूषेला इतके गुण, रचनेला इतके, चेहऱ्यावरच्या हावभावांना इतके. आणि गाण्याची संहिता आठ दिवस आधी तीन प्रतींत सादर करावी. मी तो कागद त्यांना वाचून दाखवला. आवय म्हणाली, "गाणां आधीच लिवन दिलां तर थंय जावन करूचां काय?"

मला हसू आलं होतं तेव्हा. तिला मात्र खरंच कळत नव्हतं. तिच्या लेखी फुगडीचं गाणं म्हणजे एक धरती ओळ, ती सगळ्यांना पाठ, आणि तिच्यामध्ये मोकळ्या ठेवलेल्या जागा. त्या जागांत त्या दिवशीचं काय असेल ते घालायचं. सुनेचं भांडण, भात वाहून गेला ते, तलाठ्यानं काय म्हटलं ते. हे शब्द आधी लिहून द्यायचे तर त्या जागा बुजवाव्या लागणार. तरी आम्ही लिहून दिलं. तीन प्रती, शिक्क्यासह मंजूर होऊन आल्या. स्पर्धेच्या दिवशी गट छान नाचत होता, पाचवं मिनिट चालू होतं, आणि आवयनं मध्येच एक कडवं घातलं. मंजूर संहितेत नव्हतं. बाकीच्या अकरा जणींनी ते क्षणात उचललं, धरती ओळ म्हणून पुढे गेल्या, चुकलं असं कुणालाही वाटू नये इतकं सहज. कडव्याचा आशय असा : भावाला द्यायला निघाले होते, नाक्यावरच्या पाखल्यानं पाटी उपडी केली, पोहे रस्त्यावर सांडले, कोंबड्यांनी खाल्ले.

परीक्षकांनी गुण कापले. कारण लिहिलं : संहितेबाहेरचा मजकूर. मी भांडले. मला सांगण्यात आलं, मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. बायका परतीच्या एसटीत बसल्यावर एकमेकींशी हसत-बोलत होत्या, त्यांना गुणांचं काही नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला राग एवढाच आला होता, की एवढ्या सगळ्या जाणत्या माणसांत एकानंही विचारलं नाही : पाखला कोण? कुठला नाका? पोहे कधी सांडले?

आणि मीही विचारलं नाही. मी निकालावर चिडले होते, कडवं टिपून घ्यायचं राहून गेलं. त्याच्याकडे शेवटी येते.

सरकारनं नाच उचलून धरला की तो मरतो, असं मी म्हणत नाहीये. चिलीत तर उलटच झालं. माझं म्हणणं, साचा टिकवा, जरूर टिकवा, पण साच्यातली मोकळी जागा बुजवू नका. आठवण त्या मोकळ्या जागेत येऊन बसते. गाला तोरेस यांना त्यांचे शब्द कुणाकडून मंजूर करून घ्यावे लागले असते तर?

१९८८. पिनोचेतनं सार्वमत घेतलं, मी आणखी आठ वर्षं राहू का. विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री उशिरा पंधरा मिनिटं दिली, सत्तावीस रात्री. सगळ्यांना वाटलं ते पंधरा मिनिटं रडतील. त्यांनी गाणी लावली, हसरे चेहरे दाखवले, आनंद येतोय म्हणाले. आणि त्या हसऱ्या कार्यक्रमात त्यांनी क्वेका सोलालाही जागा दिली. दहा वर्षं नाट्यगृहांत आणि चर्चच्या सभागृहांत नाचलेली ती बाई आता प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीत आली. पाच ऑक्टोबरला मतदान झालं, सुमारे ५६ टक्के 'नाही'. त्याच सुमाराला, तीस सप्टेंबरला, मानवी हक्कांसाठी निघालेला जगभरच्या गायकांचा दौरा आपल्या दिल्लीत होता, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. त्यात स्टिंग होता, या बायकांवर इंग्रजीत गाणं केलेला. तोच दौरा ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनात मेंदोसाला पोचला, कारण चिलीत शिरणं शक्य नव्हतं, आणि चिलीतली हजारो माणसं अँडीज ओलांडून तिकडे गेली. मार्च १९९० मध्ये लोकशाही आली त्या समारंभात सँटियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये या बायका नाचल्या. १९७३ मध्ये त्याच स्टेडियममध्ये हजारोंना कोंडून ठेवलं होतं. ज्यांचा फोटो छातीवर होता त्यांच्यातला कुणी कदाचित तिथल्याच बाकावर बसला असेल.

२०२३ मध्ये चिली सरकारनं शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. नाहीसे केलेले १,४६९. त्यातल्या १,१६२ जणांचा तोवर काहीही पत्ता नव्हता. त्यांच्या बायका, बहिणी आता एकेक करून जाताहेत. नाच मुली, नाती शिकताहेत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. पोर्तुगाल आणि गोवा दहा मिनिटांत. मला माफ करा, चिलीनं नेहमीसारखाच माझा वेळ खाल्ला.

पोर्तुगालची हुकूमशाही म्हणजे सालाझारची, १९३३ च्या राज्यघटनेनं पक्की झालेली, १९७४ पर्यंत चाललेली. तिलाही लोकनृत्य फार प्रिय. १९३८ मध्ये 'सर्वांत पोर्तुगीज गाव' निवडायची स्पर्धा घेतली, मोन्सांतू नावाचं गाव जिंकलं. रंगीत घागऱ्यांचे नाचगट गावोगाव उभे केले. गरीब पण सुखी शेतकरी, हे त्यांचं आवडतं चित्र. आणि दक्षिणेला, आलेन्तेजू भागात, मोठ्या जमीनदारांच्या शेतावर राबणारे मजूर. त्यांचं गाणं वाद्याशिवाय. पुरुष खांद्याला खांदा, हात हातात अडकवून, हळूहळू डुलत, पाय ओढत चालतात. एक जण ओळ सुरू करतो, दुसरा वरच्या सुरात उचलतो, मग सगळा घोळका. आपल्या दिंडीची चाल डोळ्यांपुढे आणा. या भागात १९५४ मध्ये जास्त मजुरी मागणाऱ्या कातारीना एउफेमिया या सव्वीस वर्षांच्या बाईला गोळी घातली गेली. तर जोझे आफोन्सो या गायकानं त्या चालीवर ग्रांदोला नावाच्या गावावर गाणं रचलं. १९७१ मध्ये मुद्रित करताना सुरुवातीला खडीवर चालणाऱ्या पावलांचा आवाज घेतला. नुसती पावलं. २५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी ते गाणं रेडिओवर लागलं, सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना ती खूण होती, आणि सकाळी रणगाडे लिस्बनमध्ये होते. १९२६ च्या लष्करी उठावापासून मोजली, तर अठ्ठेचाळीस वर्षांची राजवट त्या दिवशी संपली. गाणं सुरू होण्याआधी पावलं ऐकू येतात, एवढंच आज लक्षात ठेवा. मजुरांची चाल आधी, शब्द मागून.

आणि गोवा. तीच राजवट, तोच सालाझार. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह आणि गोळीबार, सरहद्दीच्या जंगलातून चालवलेला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचा गुप्त रेडिओ, १९ डिसेंबर १९६१. हे तुम्हाला पाठ आहे. लग्नाच्या पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्याव्या लागत, हेही इथल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलं असेल. पण छापलेलं तपासणाऱ्या त्या सेन्सॉरला पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावच्या नाचाच्या अंगणात, धालो नाचणाऱ्या बायका काय म्हणतात ते कधी तपासता आलं का? समोरासमोर दोन रांगा, हात कंबरेमागून गुंफलेले, पुढे तीन पावलं, मागे तीन पावलं, आणि धरत्या ओळीत मोकळी जागा. त्या जागेत त्या वर्षांत काय काय जाऊन बसलं असेल? नाके, परवाने, पलीकडच्या गावात अडकलेलं माहेर, रात्री उचललेला दीर. मुक्तिलढ्याच्या पुस्तकांत सत्याग्रहींच्या याद्या आहेत, आणि असायलाच हव्यात. मांडावरच्या कडव्यांची यादी मला कुठे सापडली नाही.

आता आवय. तिचं माहेर गोव्यातल्या डिचोलीकडचं. हे मला ती गेल्यावर तिच्या सुनेनं सांगितलं. पंचावन्न-छप्पन साली ती नवी नवरी होती, सरहद्द मध्ये आली, आणि भावाला भेटायला ती पाटी घेऊन गेली होती. म्हणजे ते पोहे खरे होते. नाका खरा होता. आणि पाखला, म्हणजे पोर्तुगीज गोरा शिपाई, तोही. पन्नास वर्षं ते कडवं तिनं कुठे ठेवलं होतं? सुनेनं कधी ऐकलं नव्हतं. घरात बसून विचारलं असतं तर आवयनं सांगितलंही नसतं, असं सून म्हणाली. ते फुगडीच्या पाचव्या मिनिटाला, पाय गरगरत असताना, हात दुसरीच्या हातात असताना वर आलं. आणि आम्ही त्याचे गुण कापले.

माझ्याकडे त्या कडव्याचा फक्त आशय आहे. शब्द नाहीत. चाल आहे, कारण ती धरती ओळ मला येते. मध्ये जागा येते तिथे मी थांबते.

दुसरी चिठ्ठी आली, थांबते आता. एक काम आहे. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांची आई, आजी, आत्या, मावशी गोव्यातली, सावंतवाडीतली, दोडामार्गची, बांद्याची, आणि एकसष्टच्या आधी जन्मलेली, त्यांनी तिचं नाव आणि फोन लिहून ठेवा. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या कधीच पुढे गेली आहे. मी स्वतः येईन. सोबत चार बायका घेऊन येईन, कारण खुर्चीवर बसवून विचारलं तर काही मिळणार नाही, त्यांना रांगेत उभं करावं लागेल. गाणं आठवत नाही म्हणाल्या तरी नाव लिहा. नुसती पावलं आठवत असली, तरी लिहा.